सायीच्या रंगाचं कापड

आमच्या ताईंना चर्चची अख्खी मंडळी पाठीमागे टेपबाई म्हणायची, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांची बहीण. सकाळी उठल्या की आधी प्रार्थना, मग गळ्यात टेप, मग चहा. ती टेप फक्त रविवारी चर्चला जाताना उतरायची, आणि मग सबंध उपासनाभर त्यांचा हात गळ्याशी जाऊन रिकामाच खाली यायचा. मी शेजारी बसून कोपरानं ढोसायचे, की त्या डोळे वटारायच्या. मला बाई हसू आवरायचं नाही. तेव्हा हसण्यासारखं पुष्कळ होतं.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. रस्त्याकडे खिडकी, खिडकीशी पायमशीन, कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे उंच आरसा आणि गिऱ्हाइकानं उभं राहायचा लाकडी खोका. कापणं-शिवणं ताईंचं; काजं, हूक आणि हातशिलाई माझी. लग्न होऊन आले तेव्हा मला धड टाका घालता येत नव्हता. ताईंनी शिकवलं, आणि शिकवताना इतकं टाकून बोलल्या की एकदा मी माहेरी जायची पिशवीसुद्धा भरली होती. पण त्यांच्या हातात कला होती, हे मला कबूलच करायला हवं.

कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला पोक, कुणाचं ऑपरेशन होऊन छातीची एक बाजू सपाट झालेली. ताई काही बोलायच्या नाहीत. अस्तरात कुठे कापूस भरायच्या, कुठे चुणी सरकवायच्या, आणि बाई आरशात बघून एकदम ताठ उभी राहायची. त्या खोक्यावर उभं राहून बायका जे बोलत, ते पाळकांपुढेही बोलत नसत. ताई ते सगळं पोटात ठेवायच्या. मी खोदून खोदून विचारलं तरी सांगायच्या नाहीत. अंग देवानं दिलेलं आहे, त्याची चहाडी करू नये, म्हणायच्या.

स्वतःच्या अंगाची मात्र त्यांना कोण लाज. त्या बिनलग्नाच्या. कपडे बदलायचे तर खिडकी लावून, पडदा ओढून, वर दिवा घालवून. स्वतःचं माप त्यांनी जन्मात घेतलं नसेल. अंदाजानं कापायच्या, त्यामुळे गावभरच्या बायका ताईंच्या कपड्यांत मिरवायच्या आणि ताई स्वतः पोत्यात घातल्यासारख्या दिसायच्या. मी एकदा म्हटलं, या इकडे, मी घेते माप. तर अशा काही मागे सरकल्या की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता त्या एका गोष्टीकडे यायलाच हवं. सांगताना जीभ जड होते, पण सांगते.

आमच्या मंडळीत तेव्हा एक रीत होती. नवरीनं पांढरा झगा घालायचा, डोक्यावर जाळीचा पदर घ्यायचा आणि मोठ्या दारातून, ऑर्गन वाजत असताना आत यायचं. पण लग्नाआधीच दिवस गेलेले असतील, तर तिला पांढरं नाही. तिला सायीच्या रंगाचं कापड, पदर नाही, ऑर्गन नाही, आणि आत यायचं ते बाजूच्या दारानं, जिथून झाडूवाला येतो. देह देवाचा, तो लग्नापर्यंत जपायचा, आणि न जपता वेदीपुढे पांढरं घालून उभं राहणं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलणं, अशी समजूत.

पण हे कळणार कसं? पाळक कुठल्या मुलीला विचारणार? पाळकीणबाईंनाही संकोच वाटायचा. म्हणून ते काम ताईंकडे आलं. चर्चमध्ये लग्नासाठी नावं पुकारली की पहिलं माप, लग्नाच्या आठवड्यात दुसरं. कंबर वाढलेली असली की ताई पाळकीणबाईंना गाठून म्हणायच्या, "कापड बदलावं लागेल." बस, एवढंच. बाकीचं त्या समजायच्या.

सगळ्यांची गुपितं पोटात ठेवणारी बाई हे एक गुपित कसं काय सांगायची, असं तुम्ही विचाराल. त्यांना ती चहाडी वाटतच नव्हती. त्यांना ती सेवा वाटायची. आणि खोटं कशाला बोलू, तोवर त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. बाजूच्या दारानं आलेल्या नवऱ्या लवकरच बाळंत व्हायच्या आणि मंडळी माना डोलवायची.

मग बेकरीवाल्याच्या थोरलीचं लग्न ठरलं. बेकरी आमच्याच रस्त्यावर, वळणावर. थोरली गल्ल्यावर बसायची, कानामागे कायम पिठाची बोटं. नवरा मुलगा बसगाड्या दुरुस्त करणारा, लाजरा, तिच्याशी बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा. पहिल्या मापाला ती आली तेव्हा खोक्यावर स्थिर म्हणून उभी राहीना. झग्याला आतून एक खिसा ठेवा म्हणाली, रुमालासाठी, कारण आपण रडणार हे तिला आत्ताच माहीत होतं. नवरीच्या झग्याला कधी खिसा असतो का? पण ताईंनी ठेवला.

दुसऱ्या मापाला कमरेचे हूक लागेनात. ताईंनी श्वास आत घ्यायला सांगितलं, तरी लागेनात. मग त्यांनी बेंबीखाली तळहात ठेवला. मी काजं करत बसले होते तिथून मला त्यांचा चेहरा दिसला. थोरली आपली बडबडतच होती, की हल्ली पोट फुगल्यासारखं वाटतं, बेकरीत बसून सारखं तोंड चालू असतं ना. ताईंनी टेप गुंडाळली, झगा उतरवून घेतला आणि तिला जा म्हणाल्या. मीही तेच समजले जे ताई समजल्या. उगाच शहाणपणा मिरवणार नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी पाळकीणबाईंना ते वाक्य सांगितलं. सायीच्या रंगाचं कापड आलं, कापलं गेलं, निम्मं शिवूनही झालं. पण नवऱ्या मुलाला ठाऊक होतं की त्यानं तिच्या बोटालाही बोट लावलेलं नाही. त्यानं वडील मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, की हे माझं नाही. तेवढं बोलून तो गेला तो गेलाच. मग कुणाचं, हे विचारायला सगळे हजर होते. कुणाचंच नाही असं पोरगी म्हणते, ते ऐकायला एकही नव्हता.

त्या काळी औषधाच्या दुकानातून पट्टी आणून दिवस गेलेत का ते घरच्या घरी बघायची सोय आमच्याकडे नव्हती. मला पाळी येते, असं तिनं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, येते काही जणींना. बापाला तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. आई घाबरली. कुमारी पोर बघून डॉक्टर मोकळी करा म्हणेल आणि पोरीचा बाप ऐकेल, म्हणून ती पाळकांकडे धावली. पाळक म्हणाले, पोटातला जीव देवाची ठेव आहे; त्याच्या आईची चूक झाली म्हणून त्याला का मारायचं? दिवस भरले की मंडळी मिळून सांभाळू. आमचे पाळक वाईट नव्हते. मनापासून बोलले, आणि मला स्वतःला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. थोरलीला बेकरीच्या वरच्या खोलीत ठेवलं. मंडळीच्या बायका पाळीपाळीनं तिच्याशी बसायला जाऊ लागल्या. तिच्याशी म्हणजे काय, तिच्यावर नजर ठेवायलाच.

ताईंनी तर मऊ मलमल आणून झबली शिवली. इतकी इवली, गळ्याशी बंद असलेली. पोरीनं पाप केलं असेल, जीवानं काय केलंय, असं पुटपुटत शिवायच्या आणि डोळे पुसायच्या. मोठ्या मायेनं घेऊन गेल्या. थोरलीनं ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "मावशी, ह्यात घालणार कुणाला?" ताई घरी येऊन मला म्हणाल्या, पोरगी अजून हट्ट सोडत नाही.

एके दिवशी दुपारी थोरली कळवळून जिन्यातच कोसळली. बापानं कुणाला विचारलं नाही. पावाच्या गाडीतले ट्रे रस्त्यावर फेकले, पोरीला त्यात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं.

काही दिवसांनी तो दुकानात आला. सदऱ्यावर पीठ, दाढी वाढलेली. मी उठून खुर्ची दिली तर बसला नाही. "ताई, मूल नव्हतं," तो म्हणाला. "गाठ होती. आतल्या आत पिरगळली. दोन्हीकडचं सगळं काढावं लागलं." मग म्हणाला, की आधी आणली असती तर एक बाजू वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान मला उलट काही बोलता आलं असतं. त्यानं झबल्यांची पुडी मशीनवर ठेवली आणि गेला.

नसलेल्या पोराचा जीव जपता जपता आम्ही सगळ्यांनी मिळून तिची होणारी पोरं घालवली. हे मी असं सरळ बोलते म्हणून लोकांना मी तोंडाळ वाटते. वाटू दे.

ताईंनी गळ्यातली टेप काढली आणि खणात टाकली. शिवण बंद नाही केली, पण नव्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, अंगाला बसणारा जुना कपडा आणा, त्यावरून कापते. कुणाच्या अंगाला हात लावायच्या नाहीत. रात्री जेवताना स्वतःच्या तळहाताकडे बघत बसायच्या, आणि ह्यांनी हाक मारली की दचकायच्या. शरमेनं माणूस आकसतं म्हणतात, ते मी घरात बघितलं.

प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपुढे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, त्या उठेनाशा झाल्या. सगळी रांग पुढे जायची, ताई बाकावर खाली मान घालून. झालं, मंडळीत कुजबुज सुरू. ज्यांनी प्रभुभोजन सोडलं त्यांनी पाप केलेलं असणार, आणि आमच्या मंडळीला पाप म्हटलं की एकच पाप सुचायचं. साठीच्या टेपबाईचं कुणाबरोबर जमलं असेल, यावर चर्चा झडल्या, आणि बटणं विकायला येणाऱ्या त्या बोळक्या म्हाताऱ्याचं नाव ठरलं. मी एकीला चर्चच्या पायरीवरच फैलावर घेणार होते. ताईंनी माझा हात धरला. "म्हणू दे," त्या म्हणाल्या. "तिला म्हणाले तेव्हा मी कुठे अडवलं?"

पण ह्याहून वाईट कुजबुज दुसरी होती. थोरली बरी होऊन गल्ल्यावर बसायला लागली, पोट सपाट, आणि लोक म्हणायला लागले, गाठ कसली न् काय, काढून टाकलं असणार. बापानं डॉक्टरचं तोंड बंद केलं असणार. काही बायका दुसऱ्या बेकरीतून पाव आणू लागल्या. आधी पोरगी नुसती बदनाम होती, आता ती जीव घेणारी ठरली. आणि त्या सगळ्याच्या मुळाशी ताईंचं ते वाक्य होतं. मूल होतं हे टेपबाईनं सांगितलंय, मग होतंच.

पाळक घरी आले होते. त्यांचाही चेहरा उतरलेला. प्रभूनं क्षमा केली आहे, आता हे वाढवू नये, वाढवलं तर मुलीलाच त्रास, असं काहीबाही म्हणाले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मला क्षमा मिळाली, पण तिची अब्रू तिला कोण परत देणार? पाळकांनी चहा अर्धा टाकला.

इतकं कळत होतं, तर जाऊन बोलायचं ना? तेच जमेना. ताई रोज बेकरीत जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, नंबर आला की एक पाव मागायच्या, पैसे ठेवायच्या आणि परत. एक शब्द नाही. आमच्या घरी पावाचा डोंगर झाला. सकाळी पाव, रात्री पाव, उरलेल्याचा चुरा. ह्यांनी एकदा चिडून विचारलं, की आपण घर चालवतोय का हॉटेल? शेवटी मीच कंटाळले आणि एका संध्याकाळी ताईंच्या मागोमाग गेले. म्हटलं, आज एक तर बोलणं होईल, नाहीतर पाव बंद.

रांग होती. आमच्या मंडळीतल्याही दोघी-तिघी होत्या, ज्यांना लांबच्या बेकरीपर्यंत चालायचा कंटाळा होता. ताईंचा नंबर आला. थोरलीनं पाव कागदात गुंडाळला, पण पुढे केला नाही. आपल्याजवळच धरून ठेवला.

"मावशी, रोज येता. काय बोलायचंय ते बोलून टाका."

ताई एक पाऊल मागे सरकल्या. मला वाटलं, पळतात आता. मी दाराच्या बाजूला जाऊन उभी राहिले, पळू द्यायचं नाही म्हणून. मग त्या म्हणाल्या, "मी चुकले. तुझ्या पोटात मूल नव्हतं. मी हात लावून खोटं सांगितलं."

"खोटं नाही सांगितलंत," थोरली म्हणाली. "तुम्हाला तसं वाटलं. पण मी तिथंच उभी होते की हो, त्या खोक्यावर. मला का नाही विचारलंत?"

विचारता मलाही आलं असतं, मीही तिथंच बसले होते, सुई हातात घेऊन. थोरलीनं धाकट्या बहिणीला गल्ल्यावर बसवलं, ताईंच्या मनगटाला धरलं आणि मागच्या खोलीत नेलं. मी मागून गेले. तिथं पिठाची पोती, भिंतीला टेकवलेले ट्रे, भट्टीची ऊब. तिनं कपडा वर केला आणि पोट उघडं केलं. बेंबीपासून सरळ खालपर्यंत व्रण, लालसर, जाड, एका ठिकाणी ओढला जाऊन वाकडा झालेला. आम्ही दोघी शिवणाऱ्या. त्या टाक्यांकडे आम्ही कसं बघितलं असेल, तुम्हीच समजा.

"लावा हात," ती म्हणाली. "त्या दिवशी लावलात तसाच."

ताईंनी तळहात ठेवला. दिवा घालवून कपडे बदलणारी बाई ती, दुसऱ्याच्या उघड्या पोटावर हात ठेवून ढसाढसा रडायला लागली. थोरली रडली नाही. खिशात रुमाल होता तिच्या, तो तिनं काढलाही नाही.

"काय लागतंय हाताला?"

"टाके," ताई म्हणाल्या.

"मग जा आणि पाळकीणबाईंना सांगा. पहिलं सांगितलंत तसंच, तुमच्याच तोंडानं."

त्या दिवशी बायकांची प्रार्थना होती, चर्चच्या मागच्या खोलीत. ताई तशाच निघाल्या, ब्लाऊजला टोचलेल्या सुया तशाच, चेहरा सुजलेला. मी धावतच मागे. मोठं दार उघडं होतं, पण त्या बाजूच्या दारानं आत शिरल्या. प्रार्थना चालू होती, ती संपायचीही वाट त्यांनी पाहिली नाही. पाळकीणबाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी आत्ता तिच्या पोटाला हात लावून आले. मूल नव्हतं. कुणी काढलं नाही, कुणी मारलं नाही. गाठ होती, आणि ती वाढेपर्यंत आपण तिला कोंडून ठेवलं. कापड बदला असं मी म्हणाले होते. ते मी परत घेते, सगळ्यांच्या देखत."

कुणी आमेन म्हणालं नाही. एकीनं पाणी पुढे केलं, ते ताईंनी घेतलं नाही. पाळकीणबाईंच्या मांडीवरचं गाण्याचं पुस्तक खाली पडलं आणि त्यांनी ते बराच वेळ उचललं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, की विचारायचं काम माझं होतं, ते मी तुमच्यावर ढकललं. खोलीत एकमेकींकडे बघायचीही कुणाला छाती होईना. माझीही नाही.

त्यानंतर आमच्या मंडळीत सायीच्या रंगाचा झगा कुणाला शिवला गेला नाही. रीत बंद केली असं कुणी जाहीर केलं नाही. मोठ्या माणसांना जाहीर करायला लाज वाटते. बाजूच्या दारातून आता नुसत्या खुर्च्या आत-बाहेर होतात. तो अर्धा शिवलेला झगा ताईंनी उसवला आणि त्याचं अस्तर स्वतःच्या रविवारच्या कपड्याला आतून लावलं. ते अंगाला लागत राहायला हवं, असं मला एकदाच म्हणाल्या.

थोरली चर्चला परत आली नाही. मेकॅनिकही परत आला नाही. त्यानं दुसरीकडे संसार थाटला. तिनं माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि ताईंनी माफी मागितलीही नाही. पण पाव आणायला ताई अजून जातात, काठी टेकत. परवा मी सोबत होते. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला, पैसे ठेवले. थोरलीनं कागद घेतला, पावाला बोटानं दाबून बघितलं आणि तो परत फळीवर ठेवला.

"हा कालचा आहे, मावशी," ती म्हणाली. "थांबा जरा, ताजा निघतोय."

आणि आम्ही दोघी थांबलो.